उजवी अक्षरं डाव्या हाताला

मी भिवंडी कोर्टात एकोणीस वर्षं वकिली करतोय. त्यातली सुरुवातीची तीन वर्षं सोडली तर माझा प्रत्येक मराठी दावा, प्रत्येक कैफियत, प्रत्येक प्रतिज्ञापत्र माधवी रोकडे यांच्या हाताखालून गेलेलं आहे. मध्ये तेरा महिन्यांचा खंड पडला. मला सांगायचं आहे ते त्या तेरा महिन्यांबद्दल. त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही, हे आधीच कबूल करतो.

कोर्टासमोरच्या गल्लीत फखरुद्दीन बुबेरे यांचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. बुबेरे म्हणजे इथलं जुनं कोकणी मुसलमान घराणं. वडिलांचे नारपोलीत माग होते, भावाभावांत वाटण्या झाल्यावर फखरूभाईंनी माग विकून हे दुकान थाटलं. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि पक्षकारांना बसायला एक लाकडी बाक. माधवीताई लग्न होऊन अंजूरला आल्या आणि दुसऱ्याच वर्षी तिथे कामाला लागल्या. मिनिटाला चाळीस शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा त्यांनी माहेरी असतानाच पास केली होती.

मला बसून मजकूर सांगता येत नाही. मी उभ्याने, दुकानाच्या दारापासून झेरॉक्स मशीनपर्यंत येरझाऱ्या घालत बोलतो, आणि मनात वाक्य जुळलं की भराभर बोलून टाकतो. दुसरे टायपिस्ट वैतागायचे. ताई वैतागल्या नाहीत. त्यांचं लक्ष बटणांवर नसायचंच, माझ्या ओठांवर असायचं. मी थांबलो की एखाद सेकंदाने त्यांची बोटं थांबायची. वर त्या चुका काढायच्या. "साहेब, पॅरा चारमध्ये बहिणीचं नाव वेगळं सांगितलंत." सोळा वर्षांत मी कोर्टात एकदाही चुकीचा सर्व्हे नंबर वाचला नाही, ते श्रेय त्यांचं.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सकाळी त्या शेअर रिक्षाने येत होत्या. मागच्या सीटवर उजवीकडे कडेला. एका गोदामाच्या फाटकातून कंटेनर उलटा बाहेर येत होता, रिक्षावाल्याने तो चुकवायला हँडल वळवलं आणि रिक्षा उजव्या अंगावर पडली. बाकीच्यांना खरचटलं. ताईंची मान आणि खांदा यांच्यामधल्या नसा ताणून तुटल्या. मुंबईत ऑपरेशन झालं, तीन महिने व्यायाम झाले. खांदा थोडा हलायला लागला. कोपरापासून खाली हात तसाच राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, नस फार हळू वाढते, वाढलीच तर. दोन वर्षं तरी काही सांगता येत नाही.

त्यांचे यजमान रवींद्र मानकोलीच्या एका लॉजिस्टिक पार्कमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात. शिफ्टवर जाण्याआधी ते त्यांची वेणी घालून द्यायला शिकले. डबा भरणं, साडीच्या निऱ्या, बरणीचं झाकण, सगळं एका हाताने कसं करायचं ते ताई घरात एकेक करून शिकत होत्या. सासूबाईंना, शांताबाईंना, घरात सगळे आक्का म्हणतात. त्यांनी सुनेला रडू दिलं नाही आणि धीरही दिला नाही. नुसतं म्हणाल्या, "माझा उजवा खांदा धरायचा तवा मी डाव्यानं लावणी केलेली हाय. पहिल्या दिवशी वाकडी झाली. तिसऱ्या दिवशी न्हाय झाली."

जूनमध्ये ताई दुकानात परत आल्या. तोवर त्यांच्या खुर्चीवर सागर नावाचा मुलगा बसायला लागला होता. हात चांगला होता त्याचा. फखरूभाईंनी ताईंना काढलं नाही, पण काउंटरवर बसवलं. झेरॉक्सची पानं लावायची, शिक्के मारायचे, फोन घ्यायचे. ते मला नंतर म्हणाले, "वकीलसाब, कुर्सी त्यांचीच हाय. पण काम कोणासाठी थांबत न्हाय ना."

मी सागरकडे दोनदा मजकूर दिला. ताई चार पावलांवर पानं जुळवत होत्या आणि मी एक शब्द चुकीचा सांगितला तशी त्यांची मान वर झाली. मग त्या पुन्हा पानांकडे वळल्या. त्यानंतर त्यांच्यासमोर दुसऱ्याला मजकूर सांगणं मला जमेना, म्हणून मी त्या दुकानात जायचंच सोडलं आणि पुढच्या नाक्यावर दुसरीकडे जायला लागलो. मी त्याला भीड म्हणायचो. ताईंच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक त्यांना सोडून गेलं होतं.

पुढचं मला नंतर काही ताईंनी सांगितलं, काही फखरूभाईंनी, काही फखरूभाईंच्या मुलीने.

दुकानातला दुसरा कॉम्प्युटर जुना. तो इतका रडतखडत चालायला लागला होता की फखरूभाई भंगारात देणार होते, तेव्हा त्यांच्या मुलीने, जोहाने, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं. जोहा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. तेव्हापासून ते मशीन कुरकुरलं नाही. सागरला मात्र ते आवडायचं नाही, म्हणून ते बहुतेक वेळ मोकळंच असायचं. कोर्टाची मधली सुट्टी झाली, सागर जेवायला गेला, की ताई त्यावर जाऊन बसायच्या.

पहिले काही दिवस त्यांनी डावा हात सगळ्या की-बोर्डवर फिरवून पाहिला. मिनिटाला सहा-सात शब्द व्हायचे. मनगट सुजायचं. पण त्यांना त्रास व्हायचा तो वेगळाच. इतकी वर्षं ज्या हाताला बघावं लागलं नाही, तो आता प्रत्येक अक्षर शोधत होता.

मग एकदा कंटाळून त्यांनी डावा हात त्याच्या नेहमीच्या जागेवर ठेवला आणि जे येईल ते टाइप केलं. मराठीच्या सरकारी मांडणीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हे सगळं डाव्या हाताला असतं. बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. डाव्याच्या वाट्याला व्यंजनं येतात ती खालच्या ओळीतली म, न, व, आणि शिफ्ट दाबलं तर ण. त्यांनी न बघता टाइप केलं: मन. मान. नाव. नवीन. विमान. वेणी. भराभर आलं. हात काही विसरला नव्हता. पण पुढे 'माधवी' लिहायला गेल्या आणि 'ध'पाशी अडल्या. 'रवींद्र' तर पहिल्याच अक्षराला अडलं.

त्याच वेळी त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मनात 'र' आला की डाव्या हाताची तर्जनी आपोआप खाली जात होती. 'र' उजव्या तर्जनीचा. ती हलत नव्हती, तर तिच्या जोडीची हलत होती. 'क' म्हटलं की डावं मधलं बोट. 'त' म्हटलं की अनामिका. त्यांनी आठ दिवस फक्त हे तपासलं. बसल्या जागी, शिक्के मारताना, मनात अक्षर म्हणायचं आणि कुठलं बोट चुळबुळतं ते बघायचं. दर वेळी जोडीचंच बोट.

त्यांनी जोहाला फोन केला. एकच विचारलं, की एका बटणाला दुसऱ्या बटणाचं अक्षर देता येतं का.

जोहाने त्यांना समजावून सांगितलं. बटणावर छापलेलं अक्षर माणसांसाठी असतं. बटण कॉम्प्युटरला फक्त आपला पत्ता कळवतं, म्हणजे कुठली ओळ आणि ओळीत कितवं. त्या पत्त्यावर कुठलं अक्षर आहे ते एका साध्या फाइलीत लिहिलेलं असतं, आणि या मशीनमध्ये ती फाइल कुणालाही उघडून वाचता येते, बदलता येते.

"म्हणजे सातबाराच की," ताई म्हणाल्या. "पत्ता तोच, नावात फेरफार करायचा."

जोहाला सातबारा म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं, पण हो म्हणाली. फाइल कुठे असते ते तिने कळवलं आणि बजावलं, की हात लावायच्या आधी एक नक्कल काढून ठेवा. ही सूचना ताईंना द्यायची गरज नव्हती. त्यांनी दोन नकला काढल्या आणि एकीचा कागदावर प्रिंटही घेतला.

तो प्रिंट मी पाहिला आहे. प्रत्येक बटणाची एक ओळ. ओळीत बटणाचा पत्ता, मग कंसात अक्षरं स्वल्पविरामांनी वेगळी केलेली: नुसतं दाबलं तर कोणतं, शिफ्टसोबत कोणतं, आणखी एक खास बटण धरून दाबलं तर कोणतं. ओळीच्या शेवटी अर्धविराम. मला ते पाहून डोकं धरावंसं वाटलं. ताईंनी आयुष्यभर दाव्यातले स्वल्पविराम तपासले होते, त्यांना ते घाबरवणारं वाटलंच नाही. उलट, कागद लाल पेनाने भरलेला आहे. डाव्या हाताची वाकडीतिकडी अक्षरं, आणि जागोजागी बेरजा. चार आणि सात. तीन आणि आठ. दोन आणि नऊ. त्यांच्या ध्यानात आलं होतं की ओळीतल्या चौथ्या बटणाची जोडी सातव्याशी, तिसऱ्याची आठव्याशी, आणि जोडीची बेरीज दर वेळी अकराच. एकदा ते सापडल्यावर सगळी मांडणी त्यांनी एका दुपारी कागदावर उतरवली.

योजना अशी. डावा अंगठा स्पेसबारच्या शेजारच्या ऑल्ट बटणावर. अंगठा सुटा असेल तोवर डावा हात डावाच. काना-मात्रा त्याच्या जागी. अंगठा दाबला की तोच हात उजवा. तर्जनीला र, मधल्या बोटाला क, अनामिकेला त, करंगळीला च. वरच्या ओळीत ह, ग, द, ज. ट आणि ड ही करंगळीच्याही पलीकडची अक्षरं, ती डाव्या टोकाच्या दोन बिनकामाच्या बटणांना दिली. शिफ्ट धरून ठेवायचं नाही, एकदा टिचकी मारून सोडायचं, पुढचं अक्षर त्याचं.

पहिल्यांदा फाइल लावली तर मशीनने साफ नाकारली. चोविसाव्या ओळीत अर्धविराम राहिला होता. तो त्यांनी वाचून काढला, कोणाला विचारलं नाही. दुसऱ्यांदा लागली आणि त्यांनी जे दाबलं ते मराठीत उमटलं. अडचण अशी की मांडणी पुन्हा पहिल्यासारखी करायला इंग्रजी आज्ञा द्यावी लागते, आणि आता एकही इंग्रजी अक्षर टाइप होईना. जोहाला फोन लावला, ती मीटिंगमध्ये होती. पंधरा मिनिटांत सागर येणार होता. ताईंनी माउस हातात घेतला, जुनी इंग्रजी कागदपत्रं उघडली आणि त्यांतून एकेक अक्षर उचलून आणायला लागल्या. नऊ अक्षरांची ती आज्ञा, पुढे आणखी दोन. एका नोटिशीतून एस घेतला, बँकेच्या पत्रातून के. एक्स कुठे मिळेना. मग 'एक्झिबिट' शब्द आठवला. कोर्टाच्या कागदात तो नसेल असं होतच नाही. सगळी अक्षरं ओळीत लावली, एंटर मारलं, की-बोर्ड पूर्ववत झाला. सागर आला तेव्हा त्या काउंटरवर होत्या.

"त्या दिवशी मला कळलं," त्या मला म्हणाल्या, "की मी हे बिघडवलं तरी दुरुस्त करू शकते. मग भीती गेली."

पुढच्या आठवड्यात त्यांनी इंग्रजीवर परत जायचं एक बटण राखून ठेवलं आणि मशीन सुरू झाल्या झाल्या आपली मांडणी आपोआप लागेल अशीही सोय केली, कारण आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो आणि दर वेळी सगळं पुन्हा करायचा त्यांना कंटाळा आला होता. रवींद्रनी घरी सरावाला गोदामातून टाकून दिलेला एक की-बोर्ड मागून आणला. कॉम्प्युटरला न जोडता, नुसता. ताई रविवारी दुपारी तो मांडीवर घेऊन आक्कांशी गप्पा मारायच्या आणि आक्का बोलतील ते टाइप करायच्या. कागद नाही, पडदा नाही, नुसती बोटं. आक्कांना आधी वाटलं सुनेचं डोकं फिरलं. नंतर त्या मुद्दाम हळू बोलायला लागल्या.

जानेवारीपर्यंत मिनिटाला वीस शब्द झाले. फखरूभाईंना सगळं दिसत होतं. एक दिवस त्यांनी स्वतःच ताईंना भाडेकराराचा कच्चा मसुदा दिला, "घाई न्हाय" म्हणून. असे छोटे करार, अर्ज, प्रतिज्ञापत्रं ताई करू लागल्या.

त्यातच एकदा मोठी चूक होता होता वाचली. आकडेही त्यांनी अक्षरांसारखेच जोडीने बसवले होते, त्यामुळे अंगठा चुकून दाबला गेला की चारचे सात व्हायचे. अक्षर चुकलं तर शब्द बिघडतो, डोळ्याला खटकतं. आकडा चुकला तर खटकत नाही. एका बक्षीसपत्रात हिस्सा नंबर चारच्या जागी सात उमटला. सही व्हायच्या आधी शेवटचं वाचन करताना त्यांनीच तो पकडला. त्या दिवशी त्यांनी काम बंद केलं, फाइल उघडली आणि आकड्यांच्या दहाही ओळी जोडीतून काढून टाकल्या. आकडे त्या आजही हात उचलून, बघून, एकेक दाबतात. वेळ जातो. "जमिनीचा नंबर घाईने लिहायचा नसतोच," असं त्यांचं म्हणणं.

मार्चमध्ये सागरला मानकोलीला एका कंपनीत नोकरी लागली आणि तो गेला. त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी तिथे गेलो. स्वतःहून नव्हे. मी ज्या दुकानात जायचो ते त्या दिवशी बंद होतं आणि माझी कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, त्याच दिवशी दाखल करायची होती. अंजूरच्याच बाजूची जमीन, चार भाऊ, दोन बहिणी, एक जुनं वाटणीपत्र आणि त्यावर एका बिल्डरचा हक्क. सतरा पॅरा. मी दारातून डोकावलो, फखरूभाईंना विचारलं कोण आहे.

ताई काउंटरवरून उठल्या. उजवा हात झोळीत होता. जाऊन जुन्या मशीनसमोर बसल्या.

मी म्हटलं, "ताई, सतरा पॅरा आहेत."

"सांगा."

मी बाकावर बसलो, जे मी कधी करत नाही, आणि लहान मुलाला शुद्धलेखन घालावं तसं सुरू केलं. "प्रतिवादी क्रमांक एक... यांची... कैफियत..." दोन वाक्यं झाली. त्यांनी हात थांबवला.

"साहेब, नेहमीसारखं बोला. असं हळू बोललात की वाक्याचं टोक लागत नाही मला."

मी उठलो. दारापर्यंत गेलो, परत आलो. पहिला पॅरा सावध सांगितला, दुसरा थोडा कमी सावध. तिसऱ्यात बिल्डरचं म्हणणं खोडायचं होतं, त्यात माझं डोकं गुंतलं आणि मी त्यांचा हात विसरलो. दुय्यम निबंधक, प्रत्यक्ष ताबावहिवाट, वडिलोपार्जित, क्षेत्रफळ, सगळे जोडाक्षरांचे शब्द एकामागून एक गेले. मी बोलत होतो आणि बटणांचा आवाज माझ्या मागोमाग येत होता, एखाद सेकंदाच्या अंतराने, जसा पूर्वी यायचा. सर्व्हे नंबर आला की त्या "हं" म्हणायच्या, मी थांबायचो, त्या नंबर बघून टाकायच्या, पुन्हा "हं" म्हणायच्या. बस, तेवढंच. फखरूभाईंनी झेरॉक्स मशीन बंद केलं होतं. बाकावरचे दोन पक्षकार बघत होते.

सतरावा पॅरा संपला. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनी पहिल्यापासून वाचलं. मी कान लावून होतो, चूक निघाली तर हळूच सुधारू, त्यांना वाईट वाटायला नको, असा विचार माझ्या मनात होता. चूक निघेना. नवव्या पॅराला त्या थांबल्या.

"इथे तुम्ही वादीला प्रतिवादी म्हणालात. मी बोललात तसंच ठेवलंय. बदलू?"

मी मान हलवली. त्यांनी बदललं, पुढे वाचायला लागल्या. अकराव्या पॅरामध्ये मी एका बहिणीचं नाव गाळलं होतं, तेही त्यांनी काढलं. टायपिंगच्या चुका शून्य. त्या कागदात दोनच चुका होत्या आणि दोन्ही माझ्या.

प्रिंट निघाल्यावर फखरूभाईंनी घड्याळाकडे बघून हिशेब केला. आकड्यांसाठी थांबलो तो वेळ धरूनही मिनिटाला चौतीस शब्द पडले होते. ते ताईंकडे न बघता मला म्हणाले, "वकीलसाब, उद्यापासून इकडेच या. आणि तो बाक जरा सरकवा, ताईंची खुर्ची या मशीनसमोर येणार."

मी कैफियत घेऊन धावत कोर्टात गेलो. पायऱ्या चढताना मला आठवलं, की मी तेरा महिन्यांबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. संध्याकाळी परत गेलो आणि बोललो. चुकलं माझं, असं स्पष्ट म्हटलं. ताई पानं लावत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही आलात ना. त्या पोराला तुमचं बोलणं झेपत नव्हतं, मला दिसायचं." आणि मग, जरा हसून, "मला वाटायचं, जाऊन सांगावं त्याला, साहेब दम घेतात तिथे स्वल्पविराम टाक."

मे महिन्यात त्यांनी मला हातात घड्याळ घेऊन बसवलं. परीक्षेला असतो तसा अनोळखी उतारा, दहा मिनिटं. मी मोजलं, फखरूभाईंनी पुन्हा मोजलं. मिनिटाला एक्केचाळीस शब्द. वयाच्या एकविसाव्या वर्षी दोन हातांनी पास केलेली परीक्षा त्यांनी त्रेचाळिसाव्या वर्षी एका हाताने काढली होती, केवळ स्वतःसाठी, कुठल्या सर्टिफिकेटाशिवाय. फखरूभाईंनी समोरून आइस्क्रीम मागवलं. बाकावर ज्यांचे कागद अडकले होते त्यांनाही दिलं.

मग जोहा सुट्टीत आली. तिने ती फाइल ओळीने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिने म्हटलं की ऑफिसात ती पाच लोकांना हे काम सांगेल तर त्यातले दोघे करतील. तिने ती नीट करून मांडण्यांच्या यादीत घातली, म्हणजे माउसने निवडली की लागावी. नाव काय द्यायचं विचारलं. जोहाचं मत होतं, रोकडे मांडणी म्हणू या. ताईंनी ते मान्य केलं नाही. ज्याला लागेल त्याला नावावरून कळलं पाहिजे, त्या म्हणाल्या. म्हणून यादीत त्या मांडणीचं नाव 'मराठी, डावा हात' असं आहे. जोहाने ती लिनक्सवर मराठी वापरणाऱ्या लोकांना पाठवली. परभणीहून एका शिक्षकाचं, मग गुहागरहून कुणाचं पत्र आलं. दोघांचेही उजवे हात गेलेले. ताईंनी दोघांनाही एकच सल्ला पाठवला: पहिले आठ दिवस टाइप करू नका, नुसतं मनात अक्षर म्हणा आणि बोट बघा.

आता परवाची गोष्ट. माझ्या ओळखीच्या माजिदा मॅडम इथल्या एका मराठी शाळेत प्राथमिकला शिकवतात. लहानपणी पोलिओ झाल्याने त्यांचा डावा हात बारीक आहे, बोटांत जोर नाही. बेचाळीस मुलांच्या प्रगतिपुस्तकातले शेरे त्या वर्षानुवर्षं उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत आल्या, नाहीतर जावयाला सांगून. मी त्यांना फखरूभाईंच्या दुकानात घेऊन गेलो. त्यांचा लॅपटॉप सोबत होता.

ताईंनी आधी त्यांना टाइप करायला लावलं आणि नुसतं बघितलं. मग विचारलं, कोणतं अक्षर सगळ्यात जास्त छळतं.

"काना," माजिदा मॅडम म्हणाल्या. "सगळे काने-मात्रे त्या बाजूला. माझ्याकडे नुसती अक्षरं उरतात, ताई. र, क, त."

"माझ्याकडे उलटं होतं," ताई म्हणाल्या. "नुसते काने."

त्यांनी आपली फाइल घेतली आणि उलट करायला बसल्या. ऑल्ट उजव्या अंगठ्याला. चौथ्याचं सातव्याला, तिसऱ्याचं आठव्याला. ट आणि ड तर मॅडमच्या हातापाशीच होते, ते हलवावेच लागले नाहीत. म, न, व मात्र पलीकडून अलीकडे आणावे लागले. आकड्यांना त्यांनी हात लावला नाही. मध्ये तीन पक्षकार आले, त्यांची कामं करून पुन्हा बसल्या. चार वाजता फाइल पहिल्याच फटक्यात लागली. एकही अर्धविराम राहिला नव्हता.

माजिदा मॅडमनी उजवा हात जागेवर ठेवला. अंगठा दाबला, सोडला, दाबला. पहिलं नाव त्यांनी स्वतःचं लिहिलं, माजिदा, आणि दोन्ही काने आपल्या हाताने दिले. मग वर्गातल्या पहिल्या मुलाचा शेरा लिहायला घेतला. भाविकने यंदा वाचनात चांगली प्रगती केली आहे. वाक्य पुरं व्हायला दोन मिनिटं लागली असतील. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि लगेच दुसऱ्या मुलाचं नाव टाइप करायला घेतलं. ताई त्यांच्याशेजारी उभ्या होत्या, डाव्या हाताने त्यांचा अंगठा किंचित डावीकडे सरकवत.

मी माझा मजकूर सांगायला उठलो, तर ताईंनी मला थांबवलं.

"साहेब, जरा बसा. मॅडमचे एक्केचाळीस शेरे राहिलेत."